लॉरेन्सची मागायची रीत

लॉरेन्स तुस्कानोचा मला हेवा वाटतो. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी त्याच्याबद्दल काही बरं बोललो तर ते नाइलाजाने बोललो हे कळेल. माणूस माझ्याच वयाचा, माझ्याच कंपनीत, माझ्याच बरोबरीच्या हुद्द्यावर, आणि शारजाच्या अल नहदा भागातल्या माझ्याच बिल्डिंगमध्ये बरोब्बर माझ्या डोक्यावरच्या फ्लॅटमध्ये राहणारा. त्याच्याकडे पाहुणे आले की त्यांचं हसणं आमच्या छतातून खाली यायचं. आमच्याकडे पाहुणे यायचे ते चर्चा करायचे.

शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात आमची अ‍ॅल्युमिनियम आणि काचेची कंपनी. दुबईत टॉवर उठत होते, त्यांना काच किती लागेल याचा अंदाज मी काढायचो. लॉरेन्स अ‍ॅडमिन मॅनेजर. काचेतलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं, पण त्याला माणसं कळतात असं सगळे म्हणायचे, आणि मला ऐकू येईल अशा बेताने म्हणायचे. कडक इस्त्रीचा शर्ट, ऊदाचं अत्तर, आणि समोर कोणीही असो, त्याच्या आईची तब्येत विचारायची सवय. त्याची बायको फिलोमिना दुबईतल्या करामा भागातल्या एका हॉटेलात रिसेप्शनला होती. मुलगी केली माझ्या इराच्या वर्गात, तिच्याच बाकावर. मी इराला काही समजवायला बसलो की ती म्हणायची, "बाबा, केलीज डॅड एक्सप्लेन्स इट बेटर." बापाच्या काळजाला घरं पडायला एवढं पुरतं.

पण सगळ्यात जास्त जळफळाट व्हायचा तो त्याच्या गुरुवारचा. आमचे मालक हमीद साहेब शारजातल्या जुन्या घराण्यातले. आजोबा-पणजोबा मोत्यांच्या धंद्यात. हे स्वतः तरुणपणी गलबतातून मुंबईला जाऊन आलेले, त्यामुळे हिंदी बोलायचे, तीही जुन्या मुंबईच्या बाजारातली. दर गुरुवारी मगरिबची, म्हणजे सूर्यास्ताची, नमाज झाली की त्यांच्या घरच्या मजलिशीत, म्हणजे बाहेरच्या बैठकीच्या खोलीत, कोणीही जाऊन बसावं अशी रीत होती. कोणीही म्हणजे अगदी ड्रायव्हरनेसुद्धा. आम्ही त्यांना 'सर' म्हणायचो. लॉरेन्स त्यांना 'बू राशिद' म्हणायचा, राशिदचा बाप, घरचे लोक म्हणतात तसं.

मला ही सगळी दरबारी थेरं वाटायची. मी पुण्याचा. आजोबा संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत तुरुंगात जाऊन आलेले, वडील आमच्या सोसायटीचे तहहयात सेक्रेटरी. नळाला पाणी आलं नाही तर आमच्याकडे आधी सभा व्हायची, मग सूचक, मग अनुमोदक, मग ठराव, मग महापालिकेवर मोर्चा. पाणी यायचं की नाही ते आता आठवत नाही, पण मोर्चा झकास व्हायचा. मोठ्या माणसाच्या ओट्यावर जाऊन एकट्याने काही मागणं म्हणजे आमच्यात लाचारी. आमच्यात हक्क असतात.

सकाळी ऑफिसला आम्ही लॉरेन्सच्या गाडीतून जायचो, आणि गाडी त्याची असल्यामुळे वाद मी काढायचो.

"पुणेकर," तो म्हणायचा, "आमच्या वसईत, भुईगावात, आधी पोर्तुगीज आला, मग तुमचे पेशवे आले, मग इंग्रज. आमच्या लोकांनी एकालाही बोलावलं नव्हतं. पण विहिरीला पाणी पाहिजे, केळीच्या बागा जगल्या पाहिजेत. मग जो कोण बसलाय त्याच्याकडे जायचं, नीट बोलायचं, काम करून घ्यायचं. राजा बदलतो, विहीर बदलते का?"

"म्हणजे जो येईल त्याला मुजरा."

"मुजरा नाय रे. ओळख. ओळख ठेवायला काय जातं?"

"आम्ही वसई जिंकली होती, विसरू नकोस."

"जिंकली ना? मग त्या सुभेदाराकडेपण आमचा कोणतरी बाबा गेलाच असणार," असं म्हणून तो खुशाल सिग्नलला शेजारच्या गाडीतल्या माणसाला हात करायचा. त्या माणसालाही तो ओळखत असायचा.

मग २००८ संपता संपता ते सगळं झालं. दुबईच्या क्रेन जागच्या जागी थांबल्या. आमच्या काचा साइटवर पोहोचल्या आणि उतरवून घ्यायला तिथे कोणी नव्हतं. ओळखीची कुटुंबं नाहीशी व्हायला लागली. काल लिफ्टमध्ये भेटलेला माणूस आज गाडी विमानतळावर सोडून गेला, असं रोज कोणाबद्दल तरी कानावर यायचं. आमच्या ऑफिसात निम्मी माणसं जाणार अशी कुजबुज होती. नोकरी गेली की व्हिसा गेला, आणि व्हिसा गेला की बॅगा भरायच्या, हे इथे कोणाला शिकवावं लागत नाही.

इरा तेव्हा बारावीत होती. बोर्डाच्या वर्षात मध्येच शाळा बदलता येत नाही. तिची परीक्षा येत्या मार्चमध्ये. तोवर टिकायचं, एवढाच माझ्यापुढे प्रश्न होता. टिकलो नाही तर पोरीचं वर्ष जाणार, आणि तिला डॉक्टर व्हायचं होतं. साधना, माझी बायको, दर दोन दिवसांनी विचारायची, "ऑफिसात काही कळलं का?" आणि मी दर दोन दिवसांनी तिच्यावर खेकसायचो.

शेवटी मला जे येत होतं ते मी केलं. सभा बोलावली. एका शुक्रवारी, सुट्टीच्या सकाळी, आमच्या हॉलमध्ये सगळं ऑफिस दाटीवाटीने बसलं. साधनाने चहा-चिवडा केला. मी अध्यक्ष नेमला, सूचक नेमला, अकाउंट्सच्या सुरेशने अनुमोदन दिलं. कपात करायचीच तर काही निकष ठेवून करावी, ज्यांची मुलं बोर्डाच्या वर्गात आहेत त्यांना परीक्षेपर्यंत ठेवावं, असा ठराव झाला. आता तो हमीद साहेबांपुढे मांडायला एक प्रतिनिधी निवडायचा होता.

"प्रतिनिधी कशाला?" लॉरेन्स म्हणाला. "तिथे असं घोळक्याने जात नाय कोण. ज्याचं त्याने जायचं, ज्याचं त्याने बोलायचं. बू राशिदला हे आवडायचं नाय, आणि इथे ते चालतपण नाय."

"तुझं ठीक आहे. तुझी ओळख आहे," मी म्हणालो. आवाजात कडवटपणा आला तो मी येऊ दिला.

हात वर करून मतदान झालं. मी की लॉरेन्स. मी निवडून आलो. आयुष्यात पहिल्यांदा मी त्या माणसाला कशात तरी हरवलं होतं, आणि मान वर करून पाहतो तर माझ्या बाजूने वर झालेल्या हातांत त्याचा स्वतःचा हात. एवढा एक विजयसुद्धा त्याने मला निखळ मिळू दिला नाही.

पुढच्या गुरुवारी मी, आणि सोबतीला लॉरेन्स, सुरेश आणि आणखी दोघे, असे पाच जण गेलो. चपला-बूट बाहेर. खोलीच्या तिन्ही भिंतींना गाद्या आणि लोड. हमीद साहेब दाराजवळ उठून उभे राहिले, प्रत्येकाचा हात हातात घेतला. खजुरांचं ताट फिरलं. पितळी चंबूतून बिनदुधाची, वेलचीची कॉफी, त्यांच्या भाषेत गहवा, बिनकानाच्या चिमुकल्या कपांतून आली. मी कप समोर खाली ठेवला, कारण वाचायला दोन्ही हात मोकळे हवे होते, आणि ती कडू कॉफी मला आवडतही नव्हती. मग मी ठराव वाचला. हिंदीत भाषांतर रात्रभर घासूनपुसून केलं होतं. 'हम सभी कर्मचारी सर्वसम्मति से' अशी सुरुवात होती.

हमीद साहेबांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाले, "ये कौन बोलता?"

"सब बोलते हैं, सर. वोटिंग हुआ था."

"सब कौन? मेरे को सब मालूम नहीं. मेरे को सुरेश मालूम, लॉरेन्स मालूम, तुम मालूम." ते सुरेशकडे वळले. "तुमको क्या मांगता?"

सुरेशने ठरावाला अनुमोदन दिलं होतं. तो म्हणाला, "मेरे को कुछ नहीं, सर. मैं इनके साथ आया." बाकीच्या दोघांनीही गाद्यांवरची नक्षी पाहिली.

मग ते मला म्हणाले, "और तुम? तुमको क्या मांगता?"

माझी मान ताठ झाली. आजोबा, वडील, सगळी सोसायटी माझ्या मागे उभी राहिली. मी म्हणालो, "मुझे अपने लिए कुछ नहीं चाहिए, सर. मैं सबके लिए बोल रहा हूँ."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्यासमोरच्या कपाकडे पाहिलं. "बोलो, बोलो," ते मऊ आवाजात म्हणाले.

"नहीं सर, बस. कुछ नहीं."

"तो पियो."

"नहीं नहीं, रहने दीजिए," मी म्हणालो. आपण लोकांच्या घरी म्हणतो तसंच. समोरच्याने आग्रह करायचा, आपण नको म्हणायचं. आमच्या आईने लहानपणापासून तेवढं एक बजावलेलं होतं, कोणाकडे गेलं की हावरटासारखं करायचं नाही. हमीद साहेबांनी तरीही पुन्हा "पियो" म्हटलं, मी पुन्हा हसून मान हलवली. खोलीतले दोघे-तिघे म्हातारे अरब एकमेकांकडे बघायला लागले. लॉरेन्सने डोळे मिटून घेतले होते.

मग लॉरेन्सने आपला कप, कॉफीला ओठ न लावता, खाली ठेवला.

"पियो, लॉरेन्स," हमीद साहेब म्हणाले.

"पहले बात, बू राशिद."

"बोलो."

"केली का बारहवीं है. मार्च तक मेरे को इधर रहना है."

"पियो," हमीद साहेब म्हणाले. लॉरेन्सने कप उचलला आणि एका घोटात संपवला. एवढंच. ना निकष, ना ठराव.

परतताना आम्ही लॉरेन्सच्याच गाडीत होतो. बाकीचे रोल्लाच्या चौकात उतरल्यावर तो म्हणाला, "कप खाली ठेवला म्हणजे काहीतरी मागणं आहे. ते ऐकल्याशिवाय पिणार नाय, असा त्याचा अर्थ. त्यांनी 'पियो' म्हटलं म्हणजे दिलं. जुनी रीत आहे त्यांची. तुला त्यांनी न मागता दिलं होतं, दोनदा. तू दोनदा नाय म्हणालास."

"हे तू मला आधी सांगायचं नाहीस?"

"मला काय माहीत तू कप ठेवशील? मला वाटलं तू पिशील, लोक पितात."

त्याच्या या शांतपणाने माझं पित्त आणखीनच खवळलं. त्याच्या पोरीचं वर्ष वाचलं होतं, माझ्या पोरीचं नव्हतं, आणि गाडीचा एसीसुद्धा त्याच्याच बाजूला जास्त लागत होता.

पंधरवड्यात मला एचआरने बोलावून घेतलं. नोकरी महिनाअखेरपर्यंतच. घरी आल्यावर मी साधनाला सगळं सांगितलं, कपासकट. तिने हातातलं काम बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "तुम्ही काही नको म्हणालात?"

"तत्त्वाचा प्रश्न होता."

"इराला सांगा ना तत्त्व. ती आत फिजिक्स करतेय."

इरा दारातच उभी होती. "सो केली गेट्स टू स्टे अँड आय गो?" तिने विचारलं. चिडली नव्हती, नुसतं नीट समजून घ्यायला विचारलं होतं.

त्या आठवड्यात लॉरेन्स खाली आला. "गुरुवारी चल. एकटा बोल. मी बाजूला बसतो फक्त."

मी त्याच्यावर तुटून पडलो. मला भीक मागायची नाही, ही राजेशाहीची लक्षणं आहेत, माणसाच्या मर्जीवर जगणं म्हणजे काय जगणं, असं बरंच काही. तो ऐकत राहिला आणि मग त्याने मला हमीद साहेबांच्या पणजोबांची गोष्ट सांगितली. त्या वेळच्या शेखने त्यांच्या लोकांचं गाऱ्हाणं ऐकलं नाही. मग त्या लोकांनी आरडाओरडा केला नाही, दगड मारले नाहीत. बायकापोरं, भांडीकुंडी होड्यांत घातली आणि सगळे किनाऱ्याने पुढच्या गावी, दुसऱ्या शेखकडे निघून गेले. शेखचे बुडी मारणारे गेले, मोती गेले, लढणारे गेले. शेवटी त्याला माणसं पाठवून त्यांची मनधरणी करावी लागली. "म्हणून हे लोक दार उघडं ठेवतात," लॉरेन्स म्हणाला. "जो मागायला येतो तो अजून सोडून गेलेला नाय. मागणं म्हणजे इथे लाचारी नाय, पुणेकर. इथे ते मत देण्यासारखं आहे."

मी जन्मभर वादविवादात वाढलेला माणूस. मला त्यातली फट लगेच दिसली. "शेख ऐकायचा कारण ते निघून जातील ही त्याला भीती होती," मी म्हणालो. "आपण निघून गेलो तर कोणाचं काय अडतं? आपल्याला तर तेच घालवतायत. मग आपलं मागणं कसलं मत आणि कसलं काय?"

लॉरेन्स गप्प झाला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. मला मनातून उकळ्या फुटल्या, ते लपवायला मी उठून पाणी आणायला गेलो.

परत आलो तेव्हा तो म्हणाला, "बरोबर आहे तुझं. एकदम बरोबर. मग आता इराचं काय करतोस?"

गुरुवारी मी गेलो. सगळं तसंच, खजूर, चंबू, कप. मी कप खाली ठेवला. मनात पाठ करून आणलं होतं, कंपनीत किती वर्षं काढली, किती टॉवर केले, एकही अंदाज कसा चुकला नाही. बाजूला लॉरेन्स बसला होता, ऊदाचा वास घेऊन, आणि या माणसादेखत मला मागावं लागतंय या विचाराने मी ते सगळं भाषण विसरलो.

"बोलो," हमीद साहेब म्हणाले.

"मेरे को जाना नहीं है," मी म्हणालो. बस, एवढंच बाहेर पडलं. पोरीचं नाव नाही, परीक्षा नाही.

म्हातारा माझ्याकडे बघत राहिला. मग त्याचा चेहरा इतका खुलला की मी घाबरलो. त्याने शेजारच्याला अरबीत काहीतरी सांगितलं, त्याने मान डोलावली. "पियो," हमीद साहेब म्हणाले, आणि मी प्यायलो.

इराची बारावी झाली, केलीचीही झाली. दोघींना चांगले मार्क पडले, केलीला थोडे जास्त. आणि मग जे झालं ते मला तेव्हा सुचलंच नव्हतं. लॉरेन्सने मार्चपर्यंत मागितलं होतं, त्याला मार्चपर्यंत मिळालं. हमीद साहेब शब्दाचे पक्के. एप्रिलमध्ये त्याचा व्हिसा कॅन्सल झाला. मी मुदत घालायलाच विसरलो होतो, म्हणून माझी मुदत संपली नाही. कंपनी अर्धी झाली, पण मी राहिलो.

जाताना लॉरेन्सने सगळ्या बिल्डिंगचा निरोप घेतला. वॉचमन रडला. मी गेलो तर वॉचमन रडेल असं मला वाटत नाही. "बघ, तुझी रीत माझ्यापेक्षा चांगली निघाली," तो मला मिठी मारून म्हणाला, आणि त्यात खोचक काही नव्हतं. खोचक असतं तर मला बरं वाटलं असतं.

वर एक मल्याळी कुटुंब आलं, शांत. मी गुरुवारी मजलिशीत जात राहिलो. आधी गरज म्हणून, मग सवय म्हणून. सुरेशच्या बायकोच्या व्हिसासाठी मी कप ठेवला, एका ड्रायव्हरच्या रजेसाठी ठेवला. मी मालकांना बू राशिद म्हणायला लागलो ते नक्की कधी, ते आठवत नाही. नवीन कोणी आलं आणि सगळे मिळून जाऊ म्हणालं, तर मीच सांगायचो, बाबा रे, ज्याचं त्याने जायचं. लोक म्हणायला लागले की हेमचंद्र साहेबांना, म्हणजे मला, माणसं कळतात. हे लॉरेन्सने ऐकायला हवं होतं, असं मला दर वेळी वाटायचं.

मग एका सुट्टीच्या सकाळी त्याचा भुईगावहून फोन आला. मागे लाउडस्पीकर, गलका, कोणीतरी घोषणा देत होतं. वसईची गावं नव्या महापालिकेत घातली होती, गावांना ते नको होतं, आणि भुईगावच्या लोकांनी समिती केली होती. मतदान झालं होतं. सेक्रेटरी लॉरेन्स तुस्कानो.

"पुणेकर, लाज जाईल माझी," तो म्हणाला. "मला सेक्रेटरी केलंय आणि मला हे लिहिता येत नाय. मंत्र्याला द्यायचंय, उद्या मोर्चा आहे, सगळा गाव चाललाय. सुरुवात कशी करतात ते सांग. तुझ्याइतकं कोणाला येतं?"

सभा त्याची, सूचक-अनुमोदक त्याचे, मोर्चा त्याचा. जे माझ्या घराण्याचं होतं ते सगळं त्या माणसाकडे होतं, आणि मी शारजात बाल्कनीत उभा, ज्याला त्या सभेनंतर कशासाठीच हात वर करायला मिळाला नव्हता. तरी मी घसा साफ केला. एवढं तरी मला येत होतं. मी सावकाश सांगायला लागलो, "माननीय महोदय, आम्ही समस्त ग्रामस्थ आपल्याला नम्र विनंती करतो की, आपण कृपा करून..."

पलीकडे पेन थांबलं.

"विनंती कशाला रे?" लॉरेन्स म्हणाला. "कृपा कसली? आपलंच सरकार आहे ना. मागणी लिहितात ना आपल्यात?"

तेवढ्यात कोणीतरी त्याला मागून हाक मारली, एकाने नाही, पुष्कळांनी. "थांब, बोलावतायत," असं म्हणून त्याने फोन ठेवला.